श्रावणात कैरी? : एका ऐतिहासिक कादंबरीच्या संपादनाचं प्रकरण

हस्तलिखित माझ्या हाती आलं तेव्हा ते १ लाख ४० हजार शब्दांचं होतं. लेखिका निवृत्त शिक्षिका. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो. विषय होता १८९७ सालचा पुण्यातला प्लेग. कादंबरीची नायिका म्हणजे बाईंची पणजी. त्या वेळी चौदा वर्षांची, नुकतीच सासरी आलेली. पुढे हे घर पुणं सोडून साताऱ्याकडे गेलं आणि प्लेगच्या गोष्टी तीन पिढ्या तोंडी चालत आल्या. बाईंनी पाच वर्षं खपून त्या कागदावर आणल्या होत्या. त्यांची परवानगी घेऊनच हे प्रकरण मांडतो आहे. ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसलेल्या कुणाच्याही वाटेत हेच खड्डे येतात आणि ते आधी दिसलेले बरे.

पहिल्या वाचनात भाषा आवडली. घरातल्या बायका जिवंत होत्या. स्वयंपाकघर, माजघर, विहिरीवरची कुजबुज हे सगळं डोळ्यांपुढे उभं राहत होतं. अडचण दुसरीकडे होती. बाईंनी प्लेगबद्दल इतकं वाचलं होतं की ते सगळं पात्रांनाही माहीत झालं होतं.

याचं ठळक उदाहरण म्हणजे कादंबरीतला तरुण डॉक्टर. मार्च १८९७मध्ये तो वाड्यातल्या लोकांना समजावतो, ‘हा रोग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो.’ वाक्य खरं आहे, पण त्या महिन्यात ते कुणीच बोलू शकत नव्हतं. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत सापडला होता. मुंबईत मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६मध्ये प्लेग ओळखला. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आपली लस स्वतःलाच टोचून घेतली. एवढं सगळं झालं होतं, तरी पिसू कुणाच्या हिशेबात नव्हती. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग केला तो १८९८ साली. त्यावरही विश्वास बसायला पुढे बरीच वर्षं गेली.

बाई म्हणाल्या, ‘मग डॉक्टरच्या तोंडून काय वदवू? वाचकाला कळायला हवं ना!’

वाचकाला ते आधीच माहीत असतं, आणि कादंबरीकाराला त्याचाच फायदा होतो. उंदीर मरून पडू लागले की साथ येते, एवढं लोकांच्या ध्यानात आलेलं होतं. उंदीर पडले की घरं सोडून माणसं बाहेर राहायला जात. का, ते ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही डॉक्टरचं भाषण काढलं आणि त्या जागी एक साधी गोष्ट ठेवली. नायिकेची सासू मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलते, उकिरड्यावर टाकते, हात धुते आणि स्वयंपाकाला लागते. डॉक्टर समोर बसलेला आहे. तो तिला हटकत नाही, कारण त्यालाही माहीत नाही. नव्या मसुद्यात हे पान वाचताना माझ्या अंगावर काटा आला. जुन्या मसुद्यात त्याच जागी मी पान उलटून पुढे गेलो होतो.

इथून आम्ही प्रत्येक प्रकरणासाठी एक वेगळा कागद केला. त्यावर एकच मथळा, ‘या दिवशी या माणसाला काय माहीत नाही’. संशोधनाच्या वह्या बहुतेक लेखक करतात, त्यात माहिती भरत जातात. हा कागद उलटा चालतो. बाईंना सुरुवातीला तो जाच वाटला, पण तिसऱ्या प्रकरणानंतर त्या स्वतःच तो भरून पाठवू लागल्या.

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे येतो.

कादंबरीचा कणा म्हणजे प्लेगचे रुग्ण शोधायला घेतलेल्या घराच्या झडतीचा प्रसंग. घरात मंगळागौर. रात्रभर जागरण, फुगड्या, झिम्मा, उखाणे, बाहेर श्रावणाची झड. आणि ऐन रंगात गोरे सोल्जर दारात. बूट घालून माजघरात, तिथून देवघरात. नायिकेच्या जावेला ताप असतो, तिला उचलून नेतात. अकरा पानांचा प्रसंग होता आणि अप्रतिम लिहिलेला होता. बाईंच्या घरात ही गोष्ट ‘मंगळागौरीच्या रात्रीची गोष्ट’ म्हणूनच सांगितली जायची.

त्या अकरा पानांत मध्येच एक ओळ होती. सोल्जर आले तेव्हा सासू पाट्यावर डाळ वाटत होती, शेजारी किसलेली कैरी होती, आणि ती डाळ पाट्यावर तशीच राहिली.

मी समासात दोनच शब्द लिहिले, ‘श्रावणात कैरी?’

खरं सांगतो, तेव्हा मला एवढंच वाटलं की तपशिलाची किरकोळ चूक आहे, कैरीच्या जागी दुसरं काही घातलं की झालं. पण बाई हट्टाला पेटल्या. ‘कैरी आत्यानेच सांगितली आहे. आत्याला तिच्या आजीने सांगितली. ती मी बदलणार नाही.’ मग आम्ही दुसऱ्या टोकाने तपासायला घेतलं. मंगळागौर श्रावणात, म्हणजे ऑगस्टच्या आसपास. पुण्यात डरहॅम लाइट इन्फंट्री या ब्रिटिश पलटणीचे सोल्जर घराघरांत शिरत होते ते मार्च ते मे या महिन्यांत. प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. ३ जुलैला तो मेला. म्हणजे श्रावण उजाडला तोवर रँडही नव्हता आणि त्याच्या झडत्याही नव्हत्या. कैरी बरोबर होती, मंगळागौर चुकली होती.

बाईंनी आत्याशी बोलताना मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं होतं, आणि नंतर त्यावरून वहीत टिपण लिहिलं होतं. गेली चार वर्षं त्या टिपणावरूनच लिहीत होत्या. मी म्हटलं, मूळ मुद्रण पुन्हा ऐका. त्यांनी ऐकलं आणि रात्री साडेदहाला फोन केला. आत्या म्हणत होती, ‘घरात गौर मांडलेली होती.’ नुसती गौर. ‘मंगळा’ हा शब्द संपूर्ण मुद्रणात एकदाही नव्हता. तो वहीत उतरताना आला होता. बाईंच्या मनात घरातल्या गोष्टीचं नाव आधीच ठरलेलं होतं आणि कानांनी त्याप्रमाणे ऐकलं.

आणि चैत्रात गौर मांडतातच की! चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर चैत्रगौर झोपाळ्यात असते. हळदीकुंकू, भिजवलेले हरभरे, पन्हं आणि कैरी घालून वाटलेली डाळ. १८९७ सालच्या पंचांगाचं गणित मांडलं तर हा महिना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि मेच्या पहिल्या आठवड्यात संपतो. झडत्या ऐन जोरात होत्या ते हेच दिवस.

अकरा पानं गेली. फुगड्या गेल्या, पाऊस गेला, रात्र गेली. बाई दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मला त्यांचं दुःख समजत होतं. त्या पानांवर त्यांनी सहा महिने घातले होते. पण नवा प्रसंग आला तो वेगळ्याच ताकदीचा होता. दुपारची वेळ, उन्हाची तिरीप, घरात कर्ते पुरुष नाहीत. हळदीकुंकवाला नेहमी पंचवीस-तीस बायका यायच्या, या वर्षी तिघीच आल्या आहेत, कारण आळीतली निम्मी घरं गावाबाहेर गेली आहेत. गौर झोपाळ्यात बसलेली. रस्त्यावर बुटांचा आवाज. मंगळागौरीच्या गोंगाटात बूट ऐकूच आले नसते. या शांत दुपारी ते दोन घरं आधीपासून ऐकू येतात. नायिका डाळीतला वरवंटा थांबवते, सासू म्हणते, ‘वाट गं, थांबू नकोस.’

हे वाक्य बाईंनी कल्पनेनेच लिहिलं आहे. पण ते सुचायला ती दुपार मिळावी लागली.

पुढे एकदा बाई आत्याला भेटायला गेल्या तेव्हा तिला हा बदल सांगितला. आत्या शहाऐंशी वर्षांची. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘आजी दर चैत्रात गौर मांडायची. पन्हं करायची, बायकांना भिजवलेले हरभरे द्यायची. डाळ मात्र कधी केली नाही. आम्ही मुली मागायचो, तर म्हणायची, शेजारच्या घरी खा.’ हा काही दस्तऐवजी पुरावा नव्हे, आठवणच ती. पण मंगळागौरीच्या गोष्टीशी तिचा संबंध नव्हता, ती स्वतंत्रपणे आली होती, म्हणून मला ती मोलाची वाटते. बाईंना ती कादंबरीत घालायची होती. कादंबरी १८९८ साली संपते, त्यामुळे आम्ही ती मनोगतात घेतली.

तोंडी इतिहासावर काम करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की मूळ मुद्रण पुसू नका आणि लिहून काढताना सारांश करू नका. म्हातारी माणसं एकच वाक्य दोनदा म्हणतात, अर्ध्यावर सोडतात, विषय सोडून स्वयंपाकाबद्दल बोलतात. तेही उतरवून घ्या. सण, पीक, भाजी, फळ, हवा या गोष्टी माणसं सनावळीपेक्षा पक्क्या लक्षात ठेवतात. आकडा चुकतो, वाटलेली डाळ सहसा चुकत नाही.

बाकीची तपासणी यामानाने सरळ होती. सावित्रीबाई फुले एका प्रकरणात एप्रिलमध्ये रुग्णसेवा करताना दाखवल्या होत्या. प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच त्यांचं १० मार्च १८९७ला निधन झालं, त्यामुळे तो प्रसंग फेब्रुवारीत नेला. रँडवरच्या हल्ल्याच्या रात्री बाईंनी टिपूर चांदणं पाडलं होतं. २२ जून ही ज्येष्ठातल्या वद्य पक्षाच्या मध्याची रात्र, चंद्र उगवणार मध्यरात्रीच्या सुमाराला. चांदणं काढून अंधार ठेवला. पुढे तर ते प्रकरणच काढलं. नायिकेचा नवरा योगायोगाने तिथून जात असतो आणि सगळं डोळ्यांनी बघतो, असं ते होतं. चापेकर बंधूंची हकीकत त्यांच्याच आत्मवृत्तातून आणि खटल्याच्या कागदांतून उपलब्ध आहे. आपल्या पात्राला ओढूनताणून तिथे उभं करून कादंबरीला काही मिळत नव्हतं. नायिकेच्या घरापर्यंत ती बातमी कशी पोहोचली असेल, कोण कुणाच्या कानात बोललं असेल, हे लिहिणं जास्त खरं होतं. खऱ्या ऐतिहासिक व्यक्तींच्या तोंडी लांब संवाद घालायचा मोह झाला, तर त्यांना आपल्या पात्राच्या घरातून, रस्त्याच्या पलीकडून बघावं, असं माझं मत आहे.

ही माहिती कुठून घेतली, असं लोक विचारतात. पुण्याच्या पेठा, हौद, रस्ते यांसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे १८८५ सालचे पुणे जिल्ह्याचे तीन भाग. त्यातल्या शेवटच्या भागात शहराचं पेठवार वर्णन आहे आणि घटना जेमतेम बारा वर्षांनंतरची. रोजच्या जगण्यासाठी त्या वेळची वर्तमानपत्रं. केसरी तेव्हा मंगळवारी निघायचा. अग्रलेख सगळेच वाचतात, बाईंना मी जाहिराती आणि किरकोळ बातम्या वाचायला लावल्या. सरकारी कागदांसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं आणि पुण्यातलं पुराभिलेखागार. तिथे जाण्याआधी काय बघायचं आहे ते नेमकं लिहून न्यावं. ‘प्लेगबद्दल काही आहे का’ असं विचारलं तर दिवस वाया जातो. ‘१८९७, पुणे, प्लेग कमिटी’ असं विचारलं तर तिथली माणसं मनापासून मदत करतात.

भाषेवर आम्ही बराच वाद घातला. कथन आजच्या मराठीत ठेवायचं, हे लवकर ठरलं. संवादांत मात्र काही शब्द बोचत होते. ‘तिने नऊवारी नेसली होती.’ त्या काळी सगळ्याच बायकांचं ते रोजचं नेसणं, ती म्हणणार लुगडं. नऊवारी हा आपला शब्द, सहावारी आल्यानंतरचा. नायिका नवऱ्याला ‘अहो’ म्हणत होती. तिला ‘इकडून येणं कधी झालं?’ असं बोलायला लावलं आणि त्या एका वाक्याने नवराबायकोतलं अंतर उभं राहिलं. रोगाला घरात सगळे ‘गाठीचा ताप’ म्हणतात, डॉक्टर ‘प्लेग’ म्हणतो, आणि ज्या दिवशी सासूच्या तोंडी ‘प्लेग’ हा शब्द पहिल्यांदा येतो त्या दिवशी घरात पहिला मृत्यू होतो. जुन्या शब्दांचा भरणा मात्र करू नये. पानावर असे दोन-तीन शब्द पुरतात, त्यापुढे वाचक कोश शोधू लागतो.

चार फेऱ्यांनंतर मजकूर ९६ हजार शब्दांवर आला. गेलेल्या शब्दांपैकी निम्म्याहून अधिक म्हणजे निव्वळ माहिती होती.

प्रकाशनाच्या टप्प्यावर तीन गोष्टी अडल्या. पहिली फाँटची. बाईंचा मजकूर टंकलेखकाने जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये केला होता. तो युनिकोडमध्ये बदलताना ‘ऱ्य’चे ‘र्य’ झाले. लग्नाच्या प्रसंगात ‘आचाऱ्यांना बोलावणं धाडलं’ याचं ‘आचार्यांना बोलावणं धाडलं’ झालं आणि दोन मुद्रितशोधनांतून तसंच पुढे गेलं, कारण वाक्य वाचायला ठीक लागत होतं. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ही असंच निसटतं. असं रूपांतर केलं की ‘र्य’ आणि ‘र्ह’ची सगळी ठिकाणं शोधून एकेक तपासावीत, दुसरा उपाय नाही. उलट प्रकारही झाला. जुन्या वर्तमानपत्रातला उतारा आम्ही मुद्दाम जुन्या लेखनात, ‘नाहीं’, ‘कां’, ‘त्यांत’ अशा अनुस्वारांसह ठेवला होता. मुद्रितशोधकाने इमानेइतबारे मराठी शुद्धलेखनाच्या १९६२च्या नियमांप्रमाणे ते सगळे अनुस्वार काढून टाकले. पुढच्या वेळी उताऱ्यांवर आधीच खूण करून द्यायची, हे मी शिकलो.

दुसरी गोष्ट कराराची. एका प्रकाशकाने पाठवलेल्या करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं एका ओळीत होतं आणि वर छपाईखर्चातला मोठा वाटा लेखिकेने उचलायचा होता. बाई सही करायला निघाल्या होत्या. छापलं जातंय याचाच आनंद इतका असतो की माणूस खालचं वाचत नाही. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, मानधन किती, हे त्यात स्पष्ट असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. ‘कायमस्वरूपी’ लिहून सही केली की मात्र हे संरक्षण उरत नाही. आम्ही दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलो. छापील मराठी आवृत्तीचे हक्क ठरावीक वर्षांसाठी दिले, ई-बुक, ध्वनिपुस्तक, अनुवाद आणि चित्रपट-मालिकेचे हक्क बाईंकडे ठेवले. प्रकाशकाने कुरकुर केली नाही. विचारलं की बरंच मिळतं.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत, तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. प्रकरणांच्या सुरुवातीला बाईंनी काही चित्रपटगीतांच्या ओळी घातल्या होत्या, त्या काढल्या. गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात आणि परवानगीची पत्रं लिहीत बसण्याएवढं त्या ओळींचं कादंबरीत काम नव्हतं. ओव्या ठेवल्या, त्या पणजीच्याच होत्या.

तिसरी अडचण पानांची. सोळा पानांचा एक फॉर्मा, एकोणीस फॉर्मे म्हणजे ३०४ पानं. मांडणी ३०६वर गेली. दोन पानांसाठी नवा फॉर्मा घ्यायचा किंवा अक्षर बारीक करायचं, असे पर्याय आले. वाचकांत वयस्कर माणसं जास्त असणार, म्हणून अक्षर बारीक करायला मी ठाम नकार दिला. बाईंनी एका संध्याकाळी बसून चौदाव्या प्रकरणातून दोन पानं काढली.

पुस्तक आलं. चार महिन्यांनी एका वाचकाचं पत्र आलं. नाण्यांचा अभ्यास करणारे गृहस्थ. त्यांनी लिहिलं होतं, ‘सेग्रिगेशन कॅम्पात (विलगीकरणाच्या छावणीत) सासू पहारेकऱ्याला गुपचूप एक रुपयाची नोट देते असं आपण लिहिलं आहे. एक रुपयाची नोट १९१७ साली, महायुद्धात चांदीची चणचण झाली तेव्हा निघाली.’ इतकं तपासून हे आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटलं होतं. मी बाईंना फोन केला, म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत ‘नोट’च्या जागी ‘बंदा रुपया’ करून टाकू. त्या म्हणाल्या, ‘नुसता शब्द बदलून नाही चालणार. नोट मुठीत चुरगळता येते. रुपया दगडावर पडला तर वाजेल. बाजूच्या तंबूत दुसरा पहारेकरी जागा आहे.’ आठ दिवसांनी तीन नव्या ओळी आल्या. सासू रुपया लुगड्याच्या ओल्या पदरात गुंडाळून, पदरासकट पहारेकऱ्याच्या हातात देते आणि त्याने तो काढून घेईपर्यंत तशीच वाकून उभी राहते.